साडूचा कमळपक्षी

माझे साडू दातांचे डॉक्टर आहेत. एवढ्या एका गोष्टीवरून कुणावर जळावं असा मी माणूस नाही. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात वाकून बघण्यात हेवा वाटण्यासारखं काय आहे? पण त्यांचे हात स्थिर आहेत, गाडी पांढरी आहे, ते कमी बोलतात आणि समोरचा हसला की त्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघतात. त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी त्यांच्यासमोर तोंड मिटून हसतो. सासरी सगळ्यांचा समज झाला आहे की थोरले जावई जरा गंभीर प्रकृतीचे आहेत.

तर ह्या साडूंनी होडीतून पाणथळीत जाऊन एका पक्ष्याचा फोटो काढला. कमळपक्षी. आपण जमिनीवरून चालतो तसा हा कमळाच्या पानांवरून चालतो, कारण त्याच्या पायाची बोटं अंगाच्या मानाने फारच लांब असतात. अंग चॉकलेटी, मान मागून सोनेरी आणि शेवटी खाली वळलेली लांबलचक काळी शेपटी. पक्षी चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. फोटोही चांगला आहे. सासऱ्यांनी तो मोठा करून घेतला, चौकट केली आणि दिवाणखान्यात लावला. त्या खिळ्यावर इतकी वर्षं आमचा लग्नातला फोटो होता. तो कुठे गेला म्हणून मी सहज बघत बघत गेलो, तर मागच्या पॅसेजमध्ये विजेच्या मीटरच्या वर. "तिथे ऊन लागत नाही, रंग टिकतील," सासरे म्हणाले. त्यांना माझ्या रंगाची एवढी काळजी आहे हे मला तेव्हाच कळलं.

तेही मी गिळलं असतं. पण आमची ही त्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. हातात चहाचा कप होता, तो तिरका झाला होता आणि चहा बशीत सांडत होता, तरी तिला पत्ता नव्हता. भुवया वर, ओठ जरासे उघडे. "किती बघत राहावंसं वाटतं, नाही?" ती म्हणाली, आणि हे तिने कुणालाही उद्देशून म्हटलं नव्हतं. लग्न झाल्यापासून ही माझ्याकडे नाना प्रकारे बघत आली आहे. पगाराच्या दिवशी एक नजर असते, न सांगता पाहुणे घेऊन आलो की दुसरी, मी गिझर उघडून बसलो की तिसरी. ही नजर त्यांतली नव्हती. मला एकदाही न मिळालेली वस्तू माझ्या डोळ्यांदेखत साडूंच्या चौकटीला मिळत होती. माझ्या पोटात दुखलं, आणि ते काही खाण्यातलं नव्हतं.

"फोटो काय, कुणीही काढतो," मी म्हणालो. "मी हिला खरा दाखवतो."

"तुम्ही?" एवढंच सासरे म्हणाले. साडू माझ्या दातांकडे बघत होते. हिने कप बशीत नीट ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच दाखवाल?" त्या क्षणी मी हो म्हणालो नसतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तिच्या चेहऱ्यावर ती मघाची नजर अजून थोडी शिल्लक होती. ती विझायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

आमच्या इमारतीत एखादी गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर ती मुळात करूच नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक दारात हजर झाले. त्यांच्या हातात एक दुर्बीण होती. "पक्षी माणसाचा चेहरा ओळखतात," ते म्हणाले. "तुम्हाला एकदम बघितलं तर घाबरतील. आधी घरगुती पक्ष्यांवर सराव करा." माझ्या चेहऱ्याबद्दल हे मत त्यांनी कशावरून बनवलं ते मी विचारलं नाही, कारण दुर्बीण फुकट मिळत होती. तिचा डावा डोळा धुकट होता. त्या डोळ्यातून बघितलं की सगळं जग आजारी दिसायचं. मुख्याध्यापक म्हणाले, "उजवा उत्तम आहे. तसंही दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर पक्षी दोन दिसायचा संभव."

मी गॅलरीत बसून चिमण्यांवर सराव सुरू केला. चिमण्या समोरच्या इमारतीच्या वळचणीला होत्या, आणि वळचणीच्या बरोब्बर खाली कुणाच्या तरी स्वयंपाकघराची खिडकी होती. तिसऱ्या सकाळी आमच्या सोसायटीचे सचिव आले, खुर्चीवर न बसताच घसा खाकरला आणि म्हणाले की समोरच्या इमारतीतून तक्रार आली आहे. एक गृहस्थ रोज दुर्बिणीतून भांडी घासणं बघतात. "मी चिमण्या बघतो," मी म्हणालो. सचिव हिच्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा लक्ष ठेवा." विम्याच्या कंपनीत दाव्यांच्या विभागात बसणारा माणूस आहे मी. लोकांच्या खोट्या जळलेल्या गोदामांना आणि हरवलेल्या अंगठ्यांना मी ओळखतो. आणि माझ्यावर बायकोला लक्ष ठेवायला सांगितलं गेलं. ह्या अपमानाचीही नोंद मी मनातल्या मनात साडूंच्याच खात्यावर केली.

मग कपड्यांचा प्रश्न आला. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं म्हणणं होतं की पक्ष्यांना साधा हिरवा रंग फसवत नाही, पानं दिसली पाहिजेत. त्यांच्याकडे पानांचं कापड होतं. त्याचा त्यांनी शर्ट, पँट आणि उरलेल्यातून टोपी शिवून दिली. घालून आरशासमोर उभा राहिलो तेव्हा कापड कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. हिने दारातून बघितलं आणि म्हणाली, "हे तर आपल्या सोफ्याच्या अभ्र्यांचं कापड. मागे मीच त्यांच्याकडून शिवून घेतले होते." मी सोफ्यावर बसून बघितलं. खरंच, चेहरा तेवढा दिसत होता. शिंपीणबाई चुकीचं सांगत नव्हत्या, पण पाणथळीत सोफे नसतात हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

होडी मिळायची तर परवानगी लागते. ती पाणथळ विभागाच्या कार्यालयात मिळते, आणि ते कार्यालय एका सिमेंटच्या दुकानाच्या मागे आहे. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. खिडकीवरच्या बाई स्वेटर विणत नव्हत्या, वर्तमानपत्र वाचत नव्हत्या, त्या चक्क काम करत होत्या. त्यामुळे माझी सुरुवातीलाच पंचाईत झाली, कारण रागवायची तयारी मी घरूनच करून गेलो होतो.

"हेतू?" त्यांनी विचारलं.

"पक्षी बघणे."

"असा हेतू नाही."

"माझा आहे."

"तुमचा असेल. अर्जात नाही." त्यांनी अर्ज फिरवून माझ्यासमोर धरला. मासेमारी, गवत कापणी, गाळ काढणे, शासकीय पाहणी. ह्यांतलं एक निवडा.

"माझे साडू येऊन गेले," मी म्हणालो. "त्यांनी तर फोटोही काढले. त्यांना कसं सोडलं?"

बाईंना ते लगेच आठवले. अशी माणसं लगेच आठवतात. "डॉक्टरसाहेब ना? त्यांना शासकीय पाहणीत घातलं."

"दातांचे डॉक्टर आहेत हो ते. पाणथळीचे दात काढायचे होते का?"

"डॉक्टर ते डॉक्टर," बाई म्हणाल्या. "तुम्ही काय करता?"

"विमा."

बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि पेन उचललं. "मग गवत," त्या म्हणाल्या.

मी भांडलो असतो. पण नियमात बसत नाही हे वाक्य मी स्वतः रोज दहा जणांना ऐकवतो, आणि ते ऐकून लोक भांडायला लागले की मला ते अडाणी वाटतात. त्यामुळे मी गवतापुढे सही ठोकली. गवत कापणीला टोळी लागते, आणि टोळी चौघांची असते. तिघं चालत नाहीत, पाच चालत नाहीत. शिवाय परत येताना गवत दाखवावं लागतं. रिकाम्या हाताने बाहेर पडणारी टोळी संशयास्पद समजतात. "टोळीप्रमुख कोण?" बाईंनी विचारलं. मी छाती काढून म्हणालो, "मी." तेवढाच काय तो त्या दिवशी मान मिळाला.

मी आणि ही धरून दोघं झालो. उरलेल्या दोघांसाठी मी मनात माणसं चाळत घरी आलो. मुख्याध्यापक तयार होते, पण त्यांचे गुडघे तयार नव्हते. शिंपीणबाईंना आपलं कापड कामाला येतं का ते बघायचं होतं. मी दारात चपला काढत होतो, तेवढ्यात ही फोन ठेवून म्हणाली, "झालं काम. धाकटी येते म्हणाली, आणि ते पण येतात. आपल्याच घरातली माणसं असताना बाहेरची कशाला शोधायची?"

ते पण म्हणजे साडू. ज्या माणसावर मात करायला मी हा सगळा खटाटोप मांडला, त्यालाच हिने माझ्या होडीत आणून बसवलं. शेवटी मी एवढंच बजावलं की टोळीप्रमुख मी आहे, हे त्यांना कळवून ठेव. "कळवते," ती म्हणाली, आणि खरंच पुन्हा फोन लावून कळवलंन. पलीकडून मेव्हणी हसल्याचं मला सोफ्यापर्यंत ऐकू आलं.

ठरलेल्या सकाळी धक्क्यावर पोचलो तर साडू आधीच आलेले. अंगात साधा मळकट शर्ट, गळ्यात कॅमेरा, आणि त्या कॅमेऱ्याला तोफेसारखं भिंग. त्यांनी माझ्या कपड्यांकडे बघितलं. "दादा, कापड छान आहे," ते म्हणाले. ते थट्टा करत होते की खरंच म्हणत होते हे त्यांच्या बोलण्यावरून कधीच कळत नाही, आणि हाच त्यांचा सगळ्यात मोठा दोष आहे. मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही कुठे आहात? मला नुसतीच पानं दिसतात." ही तिच्याबरोबर हसली. फाटकावरच्या रखवालदाराने परवाना वाचला, टोळीप्रमुख कोण म्हणून विचारलं आणि माझ्या हातात एक विळा दिला. साडूंच्या हातात कॅमेरा, माझ्या हातात विळा. हे दृश्य बाहेरून कसं दिसत असेल ह्याचा मी विचार करायचा नाही असं ठरवलं.

होडीत पुढे एक फळी, मध्ये दोघी बहिणींपुरती जागा आणि मागे होडीवाल्याच्या पायाशी आणखी एक फळी. पुढून सगळं दिसतं. मागून बहिणींचे अंबाडे दिसतात. आता मी थोरला साडू, वर टोळीप्रमुख, तेव्हा पुढची जागा कुणाची ह्यात प्रश्न नव्हता. साडू रीतीने वागले. "दादा, तुम्ही पुढे बसा," म्हणाले. मीही रीतीने वागलो. "छे छे, तुमच्याकडे एवढं मोठं भिंग, तुम्ही बसा," म्हणालो. कुठल्याही सुसंस्कृत घरात ह्यानंतर पहिल्याने पुन्हा आग्रह करायचा असतो, दुसऱ्याने पुन्हा नाही म्हणायचं असतं, आणि तिसऱ्या खेपेला नाइलाजाने बसायचं असतं. हे लहान मुलालासुद्धा कळतं. साडू म्हणाले, "बरं." आणि जाऊन बसले.

मी मागच्या फळीवर बसलो. विळा मांडीवर. होडीवाला बांबू रेटत होता आणि रेटता रेटता बोलत होता. पाण्यावर सकाळचं ऊन नुकतंच पडत होतं, दोन्ही बाजूंना उंच गवत, पाणकोंबड्या आमच्या समोरून घाईघाईने पाणी कापत जात होत्या आणि लांब कुठेतरी बगळ्यांची रांग उभी होती. मी दुर्बीण लावली. उजव्या डोळ्यात साडूंची मान आली. ती मान सगळीकडे आरामात फिरत होती. ती डावीकडे वळली की मला वाटायचं डावीकडे काहीतरी दिसतंय, उजवीकडे वळली की उजवीकडे. आपल्याला काही दिसत नाही ह्याचं दुःख निराळं, आणि त्याला दिसतंय ह्याचं निराळं. मला दुसरंच जास्त होत होतं.

बोलता बोलता होडीवाल्याला कळलं की पुढे बसलेले साहेब दातांचे डॉक्टर आहेत. त्याने होडी तिथल्या तिथे थांबवली, बांबू चिखलात रोवला, दोघी बहिणींना ओलांडून पुढे गेला आणि तोंड उघडून उभा राहिला. साडूंनी त्याच्या तोंडात बघितलं, बोटाने काहीतरी दाबलं आणि म्हणाले, "कीड आहे. ये दवाखान्यात." होडीवाल्याच्या चेहऱ्यावर भक्तिभाव पसरला. परत येऊन बांबू उपटत त्याने मला विचारलं, "आणि तुम्ही?" मी म्हणालो, विमा. तो पाण्याकडे बघायला लागला, आणि त्यानंतर बराच वेळ माझ्याशी बोलला नाही. बहुधा त्याचा कधीतरी दावा नामंजूर झाला असावा.

आम्ही कमळांच्या तळ्यात शिरलो. पानांनी पाणी दिसेनासं झालं होतं. पण कमळपक्षी काही दिसेना. साडूंनाही दिसेना, हे मी त्यांच्या मानेवरून ओळखलं, आणि मला जरा बरं वाटलं. ही मात्र कंटाळली होती. "नाही दिसत तर नाही, त्यात काय," असं मला धीर देत म्हणाली, आणि त्या धीरानेच माझा तिळपापड झाला. साडूंच्या वेळी तो पक्षी आपणहून पुढे येऊन उभा राहिला आणि माझ्या वेळी गायब. म्हणजे पक्ष्यांनासुद्धा डॉक्टर आणि विमा ह्यांतला फरक कळतो.

तेवढ्यात मेव्हणी आपल्या नवऱ्याला दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, भाऊजी मागे बसलेत मघापासून. काही वाटतं का? त्यांना पुढे बसू द्या ना."

साडू कॅमेरा फळीवर ठेवून झटकन उठले. त्यांना तेव्हा मघाची रीत आठवली असावी. "दादा, या. तुम्ही या पुढे."

आता ह्या उशिरा आलेल्या आग्रहाला मी लगेच बळी पडलो असतो तर माझी काय किंमत राहिली असती? "नाही हो, तुम्ही बसा," म्हणत मी उठलो, त्यांना परत बसवण्यासाठी. "नाही, तुम्ही थोरले," म्हणत ते पुढे आले. "भिंग तुमचं," म्हणत मी त्यांचा दंड धरला. "टोळीप्रमुख तुम्ही," म्हणत त्यांनी माझा धरला. दोघी बहिणी आमच्या पायांमधून आपापली डोकी वाचवत होत्या. होडीवाला काहीतरी ओरडत होता, पण माणूस आग्रहात असला की दुसरं काही ऐकू येत नाही. मी त्यांना पुढे ढकललं, त्यांनी मला पुढे ढकललं. तेवढ्यात होडी एका अंगावर झाली आणि आम्ही दोघं एकमेकांचे दंड न सोडता कमळात गेलो.

पाणी फार नव्हतं. चिखल होता. कमरेपर्यंत आत गेलो आणि तिथे थांबलो. विळा कुठे गेला ते कळलं नाही. भोवतालची पानं देठांसकट उपटून उलटीपालटी झाली होती, त्यांच्या खालच्या बाजूला चिकटलेले किडे आणि बारक्या गोगलगायी उघड्यावर वळवळत होत्या. पाय उचलायला गेलो की चिखल तेवढ्याच जोराने खाली ओढत होता. आम्हा दोघांची तोंडं होडीकडे होती आणि फिरायची सोय नव्हती. पक्षी आता दहा कोस पळाले असणार. हिचं काय म्हणणं असेल ते ऐकायची मी मनाची तयारी केली.

पण ही आमच्याकडे बघतच नव्हती. आमच्या डोक्यांवरून पलीकडे, आमच्या मागे कुठेतरी बघत होती, आणि तिच्या भुवया वर गेल्या होत्या.

"हलू नका," होडीवाला हळूच म्हणाला. "आलाय. किडे खायला आलाय. पानं उलटली की येतो हा."

आमच्या पाठीमागे पानांवर पावलं वाजल्यासारखा अगदी बारीक आवाज येत होता. इतका जवळ, की हात लांब केला असता तर शेपटी लागली असती. मी मान वळवायला लागलो, तर हिने बोट उचललं. लग्न झाल्यापासून त्या बोटाचा अर्थ मला कळतो. मी मान होती तिथे ठेवली. साडू ओठांतल्या ओठांत "कॅमेरा" म्हणाले. कॅमेरा पुढच्या फळीवर, मेव्हणीच्या हाताशी होता. मेव्हणी "शू" म्हणाली आणि कॅमेऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग मी बायकोकडे बघत उभा राहिलो. दुसरीकडे बघायला काही नव्हतंच. तिचे डोळे पक्ष्याबरोबर सरकत होते, डावीकडे, थोडं पुढे, पुन्हा डावीकडे. तिने श्वास रोखला होता. एकदा तिला हसू आलं, आवाज न करता, आणि ते कुणाला दाखवण्यासाठी नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहतो, तिचा चेहरा मला पाठ आहे अशी माझी समजूत होती. हा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि त्याच वेळी माझ्या पोटात असं काही दुखायला लागलं की साडूंवरचं सगळं दुखणं त्यापुढे किरकोळ वाटलं. पावशेरभर वजनाचा एक पक्षी माझ्या पाठीमागे किडे खात होता, आणि मला त्याचा हेवा वाटत होता.

डोळ्याच्या कोपऱ्यातून मी साडूंकडे बघितलं. ते आपल्या बायकोकडे बघत होते. दातांकडे नव्हे.

पक्षी गेला तो दोघींच्या डोळ्यांवरूनच कळला. ते वर उचलले गेले, लांब लांब गेले आणि मग थोड्या वेळाने खाली आमच्यावर आले. "अय्या, तुम्ही अजून तिथेच?" ही म्हणाली. आम्हाला बांबूने ओढून वर घेतलं. फाटकावर रखवालदाराने गवत मागितलं. आमच्या अंगाखांद्यावरच्या कमळाच्या वेली आणि शेवाळ त्याने काढून घेतलं, एका टोपलीत घातलं आणि गवत म्हणून मोजून घेतलं. विळा मात्र बुडाला होता. त्याबद्दल टोळीप्रमुखाने लेखी खुलासा द्यायचा होता, आणि तो मी अजून देतोच आहे, कारण बुडण्याचं कारण आग्रह असं लिहिलं तर ते त्यांच्या नियमात बसत नाही.

साडूंच्या पांढऱ्या गाडीत आम्हा दोघांना मागे प्लास्टिक अंथरून बसवलं. मेव्हणीने गाडी चालवायला घेतली, ही तिच्या शेजारी. दोघी बहिणी पुढे मधूनच एकमेकींकडे बघून हसत होत्या.

"कसा होता गं?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," ही म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

बऱ्याच वेळाने साडू खालच्या आवाजात म्हणाले, "दादा, एक बोलू? आमच्या हिने माझा तो फोटो अजून एकदाही नीट बघितलेला नाही. त्या दिवशी ताई समोर उभ्या राहिल्या. चहा सांडेपर्यंत. मला तुमचा फार हेवा वाटला होता."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या कानात चिखल होता. इतकी वर्षं ज्याच्यावर जळलो तो माणूस माझ्यावरच जळत होता, ही बातमी ऐकून मला जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. पण थोडा झाला. मी तोंड उघडून मोकळेपणी हसलो. "वरची डावी दाढ एकदा दाखवून घ्या," साडू म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसातून आलो. ही सोफ्यावर बसली होती. मला पाणी आणून दिलं, शेजारी बसली आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर नव्हे, पण तिची नातेवाईक होती. मी सावध झालो.

"अहो, धाकटीचा फोन होता. होडीवाला येऊन दात काढून गेला म्हणे. तो म्हणतो, पक्षी असा कधी जवळ येत नाही. पानं उलटली की मात्र येतो. आणि एवढी पानं उलटायची तर..." ती जरा थांबली. "माणसं उतरावी लागतात."

"मग?"

"मग तुम्ही दोघं पुन्हा उतराल का?"

एखादा स्वाभिमानी माणूस ह्यावर काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "साडू काय म्हणतात?"

"ते लगेच हो म्हणाले. कमरेपर्यंत उतरतो म्हणाले."

"कमरेपर्यंत?" मी म्हणालो. "मी छातीपर्यंत उतरतो. पण माझी एक अट आहे. मी तोंड होडीकडे करूनच उभा राहणार. मागच्या खेपेसारखं."

"अहो, म्हणजे तुम्हाला ह्याही वेळी पक्षी दिसायचा नाही."

"नको दिसू दे."

ती काही क्षण माझ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "आणि ते?"

"त्यांना होडीच्या पलीकडच्या अंगाला उतरवा," मी म्हणालो. "त्यांनी त्यांच्या बायकोकडे बघावं."